कन्सोलची वाटणी

बीड जिल्ह्यात या नव्या कन्सोलचं पहिलं परीक्षण मीच करणार, हे मी कंपनीला विचारण्याआधीच ठरवून टाकलं होतं. कंपनीला नंतरही विचारलं नाही, ती गोष्ट वेगळी. म्हणूनच तर इथं तिचं नाव घेत नाही. फुकट जाहिरात कशाला करायची?

मी अभिमन्यू. राहतो उमापूरला, गेवराईच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो आणि फावल्या वेळात माझं एक चॅनेल चालवतो. त्यावर मी व्हिडिओ गेमविषयी मराठीत बोलतो. माझे बहुतेक प्रेक्षक म्हणजे माझेच विद्यार्थी, आणि तेही प्रात्यक्षिकाचे गुण डोळ्यांसमोर ठेवून पाहतात. तरी प्रेक्षक तो प्रेक्षक. परीक्षणाचे मुद्दे मला आंघोळ करतानाही सुचत होते. पडदा कसा आहे, बॅटरी किती टिकते, खेळ कोणते आहेत, आणि शेवटी गंभीर आवाजात 'घ्यावा की घेऊ नये'.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. याला हायब्रिड म्हणतात. आमच्याकडं हायब्रिड म्हटलं की लोकांना ज्वारी आठवते, पण हे तसं नाही. मधे शाळेच्या पाटीएवढा पडदा. त्याच्या दोन्ही अंगांना एकेक मूठ, तिच्यावर बटणं आणि अंगठ्यानं फिरवायची एक दांडी. मुठी लावून ठेवल्या तर हातात धरून खेळा, पडदा स्टँडमध्ये बसवला तर टीव्हीवर खेळा, आणि मुठी काढल्या तर बिनवायरच्या लांबूनही चालतात. थोडक्यात, याचे सुटे भाग होतात, आणि हेच याचं वैशिष्ट्य आहे असं कंपनी सांगते. कंपनीनं आमचं घर पाहिलेलं नाही.

आमच्या अंगणाच्या मधोमध भिंत आहे. अलीकडं माझे वडील मोहनराव, ज्यांना गाव नाना म्हणतं. पलीकडं त्यांचे धाकटे भाऊ, माझे राधाकिशनकाका. पाच-सहा वर्षांपूर्वी दोघांच्या वाटण्या झाल्या. वावर वाटलं, बैल वाटले, पितळेची भांडी वाटली. विहीर काही मधून चिरता येईना, म्हणून ती सामाईक राहिली. त्या विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघं जे भांडले, ते तेव्हापासून एकमेकांशी शब्द बोललेले नाहीत. अगदीच गरज पडली तर नाना आपल्या म्हशीकडं बघून बोलायचे आणि काका पलीकडून त्यांच्या म्हशीला उत्तर द्यायचे.

काकांचा मुलगा हनुमान आणि मी मात्र लहानपणापासूनचे जोडीदार. गावाबाहेर भेटायचो, घरी आलो की अनोळखी. आता हनुमानचं लग्न ठरलं होतं, आणि नानांनी म्हशीला सांगितलं होतं की आपल्या घरातलं कुणी त्या मांडवात पाऊल ठेवणार नाही. हे माझ्या मनाला लागलं होतं. ज्याच्या खांद्याला खांदा लावून मी पहिला पोळा पाहिला, त्याच्या वरातीत मी नाचायचं नाही? तेव्हा दोघांनी ठरवलं की निदान लग्नाआधी एक गंमत तरी मिळून करू. निम्मे पैसे त्याचे, निम्मे माझे, आणि कन्सोल मागवला.

पहिला आठवडा त्याचा ठरला. पार्सल मी गेवराईहून आणलं, घरी खोलून पाहिलं, दोन्ही मुठी 'खट' आवाज करत बसल्या तेव्हा मला अक्षरशः गहिवरून आलं. मग खोका पोत्यात घातला आणि दिवेलागणीला भिंतीवरून हनुमानकडं सरकवला. इतक्या वर्षांत त्या भिंतीवरून मांजराशिवाय काही गेलेलं नव्हतं. नेमके अलीकडं नाना धार काढायला आले होते, आणि पलीकडं काका.

"काय हाय ते?" नानांनी विचारलं.

"कन्सोल. खेळायचं यंत्र हाय, नाना."

"कुणाचं?"

"मपलं," मी म्हणालो. त्याच क्षणी भिंतीपलीकडून हनुमानचा आवाज आला, "मपलं हाय, बाबा."

एका यंत्राला दोन मालक निघाले. दोन्ही म्हशी चरायच्या थांबल्या. मग मला सगळं सांगावं लागलं. निम्मं-निम्मं, सामाईक वगैरे. आमच्या चोरून ठेवलेल्या दोस्तीवर नाना चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले ते सामाईक या शब्दावर.

"एक सामाईक हीर कमी पडली का रे?" ते म्हशीला म्हणाले. "आता आणिक एक सामाईक! वाटणी करून टाका म्हणावं आजच्या आज."

"आमी बी तयार हाव म्हणावं," पलीकडची म्हैस म्हणाली.

आता वाटणी म्हटलं की पंच हवा. तो आयताच घरात होता. दोघांची थोरली बहीण छबुबाई, म्हणजे माझी आत्या, लग्नाच्या तयारीसाठी आष्टीहून आली होती. ती सकाळी एका भावाकडं जेवायची, संध्याकाळी दुसऱ्याकडं, आणि दोन्हीकडं मीठ कमी आहे म्हणायची. तिला दोघंही घाबरत.

"आत्या, याचे तुकडे केले तर हे चालणार न्हाई," मी काकुळतीनं म्हणालो.

आत्यानं खोका उघडला. एक मूठ सरकवून काढली, दुसरी काढली. "हे तर आपोआप सुटं होतंय की. वाटण्यासाठीच केलंय बिचाऱ्यांनी," ती म्हणाली.

वाटणीची रीत आमच्याकडं ठरलेली आहे. थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे थोरला लबाडी करत नाही. घरासमोर रस्त्यावर पोतं अंथरलं. एका टोकाला नाना, दुसऱ्या टोकाला काका, मधे पाटावर आत्या. नानांनी बराच विचार करून वाटे घातले. एका वाट्यात पडदा आणि डावी मूठ. दुसऱ्या वाट्यात उजवी मूठ, स्टँड, चार्जर, सगळ्या वायरी आणि तो भला मोठा खोका.

काकांनी दोन्ही वाटे हातात घेऊन तोलून पाहिले. मी आणि हनुमान डोळ्यांनी खाणाखुणा करत होतो, पण काका पुस्तकं वाचून शेती करणारे नव्हेत. "जे जड हाय ते खरं," ते म्हणाले आणि खोक्याचा वाटा उचलून चालते झाले.

नाना झोपेपर्यंत खुशीत होते. "बग," ते मला म्हणाले, "टीवी आपल्याला आला अन् त्येला पुठ्ठा गेला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. "आता आपल्या हिश्श्यात काय पिकतं ते दाव." चार्जर गेला होता, पण माझ्या मोबाईलचा चार्जर त्याला लागला. वाचकहो, परीक्षणात नोंद घ्या, हा कंपनीचा चांगुलपणा. मी पडदा उशीला टेकवून उभा केला आणि यंत्र चालू केलं. मला गाड्यांची शर्यत लावायची होती. पण यादी सरकताना नानांना एक चित्र दिसलं. त्यात एक माणूस, एक झोपडी आणि एक काळंभोर वावर होतं.

"थांब," नाना म्हणाले. "हे कुणाचं रान हाय?"

"तो शेतीचा खेळ हाय, नाना. लहान पोरांचा."

"रान पडीक कावून ठेवलंय?"

झालं. डावी मूठ त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली ती घेतलीच. डाव्या मुठीनं माणूस चालतो एवढंच. पेरणं, खणणं, पाणी घालणं ही सगळी कामं उजव्या मुठीच्या बटणांवर, आणि ती भिंतीपलीकडं. मला वाटलं, दहा मिनिटं चालून कंटाळतील. पण नाना बांधाबांधानं चालत राहिले. कोपऱ्यात दगड आहेत, इथं पाणी साचेल, असं म्हणत त्यांनी सगळं शिवार पाहून घेतलं. आणि मग एकाएकी पडद्यावरच्या माणसानं कुदळ उचलली आणि खणायला सुरुवात केली.

"आँ?" नाना म्हणाले. "हे कोन करतंय?"

माझ्या तेव्हाच लक्षात आलं. काकांना डॉक्टरांनी सुपारी बंद करायला सांगितली होती. दिवसभर अडकित्ता चालवायची सवय असलेल्या हाताला करमत नव्हतं. त्यांच्या वाट्याला आलेल्या मुठीची बटणं दाबली की 'टिक टिक' असा गोड आवाज यायचा. तेव्हा काका बाजेवर पडून ती मूठ सुपारीसारखी चालवत होते, आणि मधली भिंत बिनवायरच्या यंत्राला काही अडवत नव्हती. हे आता नानांना सांगावं का? सांगितलं असतं तर यंत्र विहिरीत गेलं असतं, सामाईक विहिरीत.

"कंपनीनं संगं सालगडी दिलेला दिसतोय," नानांनी स्वतःच निर्णय दिला. वर्षाच्या बोलीवर घरी राबायला माणूस ठेवायची आमच्याकडं रीत आहे, त्यामुळं त्यांना ते अगदी रास्त वाटलं. "चांगली हाय कंपनी."

पुढचे काही दिवस नाना त्या वावराचे झाले. ते माणसाला नेऊन उभं करायचे आणि सालगड्याची वाट बघायचे. पलीकडं काकांना तलफ आली की अलीकडं काम सुरू. बटणं कशीही दाबली जायची, त्यामुळं कधी बी पडायचं, कधी पाणी, कधी गडी नुसताच कुंपणाला लाथ मारायचा. पण नाना धीराचे. त्यांनी त्याची वेळ ओळखली आणि कोबीचा एक सुरेख वाफा उभा केला. माझी बायको रोहिणी त्यांना जेवायला हाक मारून थकायची.

"मामंजी, भाकरी गार व्हायली."

"गडी आत्ताच कामाला लागलाय. तो थांबला की येतो," नाना म्हणायचे.

गड्याविषयी त्यांची तक्रार एकच होती. "सकाळी हुशार असतोय, पर दुपारच्याला जेवला की गायब. निस्ता आमच्या राधाकिशनवानी आळशी हाय." हे ऐकून रोहिणीला ठसका लागला. तिला मी सगळं सांगितलं होतं.

आणि मग कोबी काढणीला आला त्या दिवशी पत्रिकेचा घोळ झाला. हनुमानची लग्नपत्रिका छापायला द्यायची होती. आमच्याकडं पत्रिकेत घरातल्या थोरल्याचं नाव वर लागतं. आत्या काकांना म्हणाली, मोहनचं नाव टाक. काका म्हणाले, येणारच न्हाई त्याचं नाव कावून टाकू? शब्दाला शब्द वाढला. काकांचा राग चढला तसा त्यांचा अंगठा चढला. टिक टिक टिक टिक टिक.

इकडं नाना तोडणीसाठी नेमके कोबीच्या मधोमध उभे होते. पडद्यावरच्या गड्यानं कुदळ उगारली आणि दिसेल तो गड्डा फोडायला सुरुवात केली. एक सरी गेली. दुसरी गेली. नाना दांडी ओढून त्याला बाहेर काढू पाहत होते, पण गडी जाईल तिथं खणत चालला होता.

"आरं धर! आरं पीक घातलं की मातीत!" नाना किंचाळले. "अभिमन्या, ह्याला काढून टाक कामावरून!"

"त्याला काढता येत न्हाई, नाना."

"कावून?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं. दुसरी मूठ, बटणं, सुपारी, सगळं. नानांचे कान लाल झाले. "म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "इतके दिवस राधाकिशन मपल्या वावरात शिरत होता?"

ते अंगणात गेले. आंघोळीच्या पाण्याचं घंगाळ पालथं घातलं, त्यावर चढले आणि भिंतीवरून डोकं काढलं. म्हशीकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"राधाकिशन, निघ मपल्या वावरातून!"

इतक्या वर्षांनी कानावर पडलेलं पहिलं थेट वाक्य. काका बाजेवरून धडपडत उठले. पलीकडं आत्याच्या हातातलं तांदळाचं सूप तसंच राहिलं.

"तुपल्या वावरात? मी तर बाजेवर हाव."

"बाजेवरून शिरतोस. समदा कोबी उपटलास."

"तुह्या वावरात कापूस हाय. कोबी कधी लावलास बे?"

"बे कुणाला म्हणतोस? थोरला हाव मी."

काका म्हणाले, पंचनामा झाला पाहिजे. ते मूठ हातात घेऊनच रस्त्यानं फिरून आमच्या दारात आले, उंबऱ्याशी जरा थबकले आणि आत आले. मागोमाग आत्या, मागोमाग हनुमान. नानांनी पडदा दाखवला. उद्ध्वस्त वाफा, इतस्ततः पडलेले गड्डे, आणि मधे कुदळ घेऊन उभा असलेला निर्दोष माणूस.

"दाब," नाना म्हणाले.

काकांनी बटण दाबलं. कुदळ पडली. दुसरं दाबलं. पाणी पडलं. काकांच्या चेहऱ्यावर हिशोब दिसायला लागला.

"म्हंजे पेरणी मी केली?"

"तू?" नाना म्हणाले. "तू निस्ता सुपारी फोडीत होतास."

"पर पेरलं कुणी? पाणी कुणी दिलं? मग हे बटईचं झालं. निम्मं पीक मपलं."

"वावर मपलं हाय. चालतो मी."

"चालून दाव की मग. कोबी काढून दाव."

नानांनी चालून दाखवलं. कोबी काही निघाला नाही. काकांनी बटणं दाबून दाखवली. गडी एका जागी उभा राहून हवेत विळा फिरवत राहिला. दोघं एकमेकांकडं न बघता पडद्याकडं बघत होते. आत्यानं दोघांच्या मधली उशी काढून घेतली आणि म्हणाली, "सरका. मला बी दिसू द्या." सरकता सरकता दोघं भाऊ एकाच सतरंजीवर खांद्याला खांदा लावून बसले.

"डावीकडं घे," काका म्हणाले.

"घेतलं. मार."

कोबी निघाला! उरलेल्या सरीतला पहिला गड्डा खटकन उडाला आणि झोपडीत जाऊन पडला. नाना हसले. काकाही हसले, पण भिंतीकडं तोंड करून. मग दुसरा निघाला, तिसरा निघाला. रोहिणीनं न विचारता दोघांचा चहा आणून ठेवला. तो दोघांनी पडद्यावरची नजर न काढता प्यायला, आणि एकमेकांच्या कपातला प्यायला.

बरीच तोडणी झाल्यावर काका एकदम म्हणाले, "पत्रिका छापायला द्यायचीय. तुपलं नाव वर टाकावं लागतंय."

हनुमाननं माझं मनगट पकडलं.

"टाक की," नाना म्हणाले. "आधी त्या कडंच्या वाफ्याला पाणी दे."

काकांनी पाणी दिलं. मला खरंच रडू आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी चार्जर शोधायचं सोंग केलं. त्या संध्याकाळी काका आमच्याकडंच जेवले. आत्या दोन्ही भावांना एका पंगतीत वाढताना म्हणाली की आज मीठ बरोबर आहे.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण लग्न अजून व्हायचं होतं.

वरातीत मी नाचलो. एवढा नाचलो की दुसऱ्या दिवशी भूगोल बसून शिकवावा लागला. नवरदेव मांडवात आला, अंतरपाट धरला, लोकांनी अक्षता हातात घेतल्या, भटजींनी घड्याळ पाहिलं. आणि नवरदेवाचा बाप कुठं आहे? थोरला चुलता कुठं आहे? नवरीकडच्यांची कुजबुज सुरू झाली. दोघं भाऊ पुन्हा भांडले की काय? मी आणि आत्या वऱ्हाडाच्या खोलीकडं धावलो.

दोघं गाद्यांच्या ढिगाआड बसले होते. नवे फेटे, नवी धोतरं, मधे पडदा, नानांच्या हातात डावी मूठ आणि काकांच्या हातात उजवी.

"मुहूर्त टळायला लागला!" मी ओरडलो.

"एवढं टमाटं निघू दे," नाना म्हणाले. "सांजच्याला पाऊस दावलाय."

आत्यानं पडदा उचलून पदराखाली घातला आणि मांडवाकडं चालू लागली. दोघं भाऊ आपापली मूठ घेऊन तिच्या मागं निघाले. मंगलाष्टकं चालू असताना काकांच्या कोटाच्या खिशातून टिक टिक ऐकू येत होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

तर आता परीक्षण. माझे विद्यार्थी विचारतात, सर, कन्सोल कसा आहे? पडदा कसा आहे ते नानांना विचारावं लागेल. बॅटरी किती टिकते ते काकांना. खोका मजबूत आहे, एवढं मी स्वतःच्या जबाबदारीवर सांगतो, कारण त्यात काकूंनी रुखवताचे उरलेले लाडू ठेवलेत. आम्हा पोरांचं काय, असं मी एकदा धीर करून विचारलं. तेव्हा आत्यानं विहिरीसारखी पाळी लावून दिली. अमावस्येला शेतात औत धरत नाहीत, आणि नाना-काका पडद्यावरच्या वावरातही तो नेम पाळतात. म्हणून अमावस्या आमची. फक्त वावरात पाऊल टाकायचं नाही, ही नानांची अट.

काल अमावस्या होती. हनुमान सासुरवाडीहून मुद्दाम लवकर आला. उजवी मूठ काकांच्या उशाशी राहिली होती, आणि ती मागायला दोघांपैकी कुणाला धीर झाला नाही. शर्यतीची गाडी डाव्या मुठीवरही पळते आणि वळते, तेवढं बस, असं म्हणून आम्ही दार लावलं, पडदा टेकवला आणि इतक्या दिवसांनी शर्यत सुरू केली. काय ते रंग, काय तो वेग! पहिल्या वळणावर मी तिघांना मागं टाकलं. दुसऱ्या वळणावर गाडीला आपोआप करकचून ब्रेक लागला. सुटला. परत लागला. मागचे सगळे भुर्रकन पुढं निघून गेले.

मी हनुमानकडं पाहिलं. हनुमाननं भिंतीला कान लावला.

"सालगडी जागा झालाय बे," तो म्हणाला.